एकवीसच्या पानावर काय असावे?

एखाद्या संख्येविषयी नोंद लिहायची असेल तर तिच्यात कोणती माहिती घ्यावी आणि कोणती वगळावी, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. मलाही सत्राच्या सुरुवातीला कोणी विचारले असते तर मी म्हणालो असतो, "जे खरे असेल ते सगळे लिहा." पण आता माझे मत वेगळे आहे. नुसते खरे असणे पुरेसे नाही, असे मी या लेखात मांडणार आहे. माझे म्हणणे सर्वांना आवडेल असे नाही. निदान आमच्या हाऊसमधल्या अर्ध्या मुलांना ते आवडलेले नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विशेषतः पालकांसाठी, थोडक्यात सांगतो. आपल्या गणित मंडळाने या वर्षी हस्तलिखित संख्याकोश करायला घेतला आहे. १ ते १०० या प्रत्येक संख्येला एक पान आणि एका पानावर जास्तीत जास्त वीस ओळी. माहिती कॅडेटनीच सुचवायची, चिठ्ठी लिहून वाचनालयाबाहेरच्या पेटीत टाकायची. निवड करायला आम्ही चौघे संपादक आहोत. पूर्ण झालेला कोश वाचनालयात राहणार, म्हणजे आम्ही पास होऊन गेल्यावरही तो कोणीतरी उघडून पाहणार.

वीसपर्यंत काम सुरळीत झाले. २१ ला मात्र पेटी भरून वाहिली. चिठ्ठ्या वीस ओळींत मावण्यासारख्या नव्हत्या, आणि वगळायचे म्हटले की कोणाचे तरी मन दुखावणार होते. कारण सैनिकी शाळेत २१ हा साधा आकडा नाही. २१ तोफांची सलामी, सारागढीचे २१ शीख जवान आणि परमवीर चक्राचे २१ मानकरी. या तिन्हींपैकी कोणते घ्यायचे यावर आमच्यात जो वाद झाला त्यातून हा लेख आला आहे.

आधी चिठ्ठ्यांचे प्रकार सांगतो. आम्ही त्यांचे चार ढीग केले.

पहिला ढीग संख्येच्या अंगभूत गुणांचा. २१ म्हणजे ३ गुणिले ७. १ ते ६ ची बेरीज २१, म्हणून फाशावरचे सगळे ठिपके मिळून २१ होतात. सात संघ असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे असेल तर सामने २१ च होणार. स्पर्धेचे वेळापत्रक लावणाऱ्यांना हे पाठच असेल. १, १, २, ३, ५, ८, १३, २१ या फिबोनाची मालिकेतली ही आठवी संख्या. ही मालिका आपल्याकडे छंदशास्त्रातून आधीच माहीत होती. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या, तर सात मात्रांचे लघू-गुरूंचे वेगवेगळे क्रम बरोबर २१ होतात. हेमचंद्राने बाराव्या शतकात हा नियम सांगितला आहे. अशा बेरजेतून येणारी, म्हणजे त्रिकोणी, आणि त्याच वेळी फिबोनाची मालिकेतही असणारी संख्या फार दुर्मीळ. १, ३, २१ आणि ५५ या चारच तशा आहेत, आणि पाचवी असू शकत नाही हे १९८९ मध्ये सिद्ध झाले. आणखी एक नवल म्हणजे, एका चौरसाचे लहान-लहान चौरसांत असे तुकडे करायचे की कोणतेही दोन तुकडे सारख्या मापाचे नसावेत. यासाठी कमीत कमी २१ तुकडे लागतात. ११२ एकक बाजूचा तो चौरस डच गणिती डाउवेस्टाइन यांनी १९७८ मध्ये संगणकाच्या मदतीने शोधला.

दुसरा ढीग माणसांनी ठरवून २१ निवडल्याचा. सलामीच्या २१ तोफा, गणपतीचे २१ मोदक आणि २१ दुर्वांची जुडी. स्रग्धरा वृत्ताच्या एका चरणातली २१ अक्षरे, सात-सात-सातवर यती. राज्यघटनेने सुरुवातीला मतदानासाठी ठेवलेले २१ वर्षे वय, जे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून १८ झाले. टेबल टेनिसचा गेम पूर्वी २१ गुणांचा होता, २००१ मध्ये तो ११ चा झाला. बॅडमिंटनने उलट २००६ मध्ये २१ ची पद्धत स्वीकारली.

तिसरा ढीग मोजणीचा. कुठेतरी काहीतरी मोजले आणि ते २१ निघाले. सारागढी आणि परमवीर चक्र या ढिगात येतात. आमच्या शाळेच्या एका इमारतीच्या पायऱ्याही याच ढिगात येतात. एका सहावीच्या कॅडेटने त्या खरोखर मोजून चिठ्ठी टाकली होती.

चौथा ढीग नावापुरत्या २१ चा. जर्सीचा नंबर, बसचा नंबर, खोलीचा नंबर आणि तारखा. २१ जून योग दिन आहे, २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या, पण तिथे २१ हा महिन्यातल्या एका दिवसाचे नाव आहे, त्याहून जास्त काही नाही. आपल्या टॉवेलवर, मोज्यांवर आणि धोब्याच्या यादीत जो नंबर असतो त्याच जातीचा हा आकडा. तो सोय म्हणून दिलेला असतो. कोणी मला सांगितले की तुझा नंबर सात ने भागतो, तर माझ्याविषयी काहीच सांगितल्यासारखे होत नाही.

आता निवड कशी करायची? आमच्या गणिताच्या सरांनी एक साधी कसोटी सुचवली, तिला आम्ही 'बावीसची कसोटी' म्हणतो. वाक्यातल्या २१ च्या जागी २२ घालून पाहायचे. वाक्य खोटे ठरते एवढे बघायचे नाही, ते तर ठरणारच. ती गोष्टच मोडते का, हे बघायचे.

फाशाचे ठिपके २२ केले तर तो फासा राहत नाही. अणुक्रमांक २१ असलेले मूलद्रव्य स्कँडियम. त्याच्या केंद्रकात २२ प्रोटॉन घातले तर ते टायटॅनियम होते, म्हणजे स्कँडियमचे स्कँडियम असणे २१ वरच उभे आहे. स्रग्धरेच्या चरणात एक अक्षर वाढवले तर वृत्त बिघडते. मोदक वीसच झाले तर आजी आणखी एक वळायला बसेल, "चालतंय वीसच" असे म्हणणार नाही. म्हणजे मोदकही कसोटीला उतरतात.

तोफांच्या सलामीचे तर काही विचारायलाच नको. इंग्रजांच्या काळात संस्थानांचा मान तोफांच्या संख्येवर ठरत असे. १९४७ मध्ये २१ तोफांचा मान हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर आणि जम्मू-काश्मीर अशा पाचच संस्थानांना होता. कोल्हापूरला १९ होत्या. १९ आणि २१ यांत दोन बारांचा फरक, पण त्या दोन बारांत सगळी प्रतिष्ठा होती. आज प्रजासत्ताक दिनी राष्ट्रगीताबरोबर २१ तोफा होतात, त्या २०२३ पासून भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटरच्या तोफांतून. कोणी २२ वा बार उडवला तर तो जास्तीचा सन्मान होणार नाही, ती चूक होईल. इथे २१ हा आकडाच बोलतो.

तारखांतही एक अपवाद सापडला आणि त्याने कसोटीवरचा माझा विश्वास वाढला. २१ मार्च हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन आहे. या मुलांमध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख मुद्दाम निवडली गेली. २२ मार्च केला तर त्या दिवसाचे कारणच जाते. म्हणून ही तारीख आत, बाकीच्या तारखा आपापल्या दिवसाच्या नोंदीत.

आता सारागढी. १२ सप्टेंबर १८९७ रोजी समाना डोंगररांगेवरच्या त्या छोट्या चौकीत हवालदार ईशर सिंग आणि ३६ व्या शीख पलटणीचे त्यांचे साथीदार, एकूण २१ जण, हजारो पठाणांशी लढले आणि एकही मागे फिरला नाही. गुरमुख सिंग हेलिओग्राफवरून आरशाच्या झोतांनी लढाईची खबर शेवटपर्यंत पाठवत होता. त्या सर्वांना त्या वेळी भारतीय जवानाला मिळू शकणारा सर्वोच्च शौर्यसन्मान, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, मरणोत्तर मिळाला. आता बावीसची कसोटी लावा. चौकीत त्या दिवशी २२ जण असते, तर ही गोष्ट एका अंशानेही कमी झाली असती का? २० असते तर? नाही. सारागढी मोठी आहे ती त्या माणसांमुळे. ती २१ या संख्येमुळे मोठी नाही.

परमवीर चक्राचेही तसेच. २६ जानेवारी १९५० ला हा सन्मान सुरू झाला. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे नाव मराठी घरांत अभिमानाने घेतले जाते. कारगिलच्या चौघांपैकी कॅप्टन मनोज पांडे हे लखनऊच्या सैनिक शाळेचे, म्हणजे एके काळी आपल्यासारखेच पहाटे शिट्टी ऐकून उठणारे कॅडेट. एकूण २१, त्यांतले १४ मरणोत्तर. पण ते २१ असावेत असे कोणी ठरवलेले नाही.

म्हणून माझे मत असे आहे: स्कँडियम, स्रग्धरा, तोफा आणि मोदक एकवीसच्या पानावर असावेत. सारागढी आणि परमवीर चक्र त्या पानाच्या मजकुरात नसावेत.

हे लिहिताना मला माहीत आहे की ते कसे ऐकू येते. माझा पतियाळ्याचा वर्गमित्र मला म्हणाला, "म्हणजे तुझे मोदक आत आणि आमचे शहीद बाहेर?" तो चिडला होता आणि त्याचे चिडणे मला समजते. ज्या नियमात मराठी मुलाच्या घरचा पदार्थ बसतो आणि पंजाबी मुलाच्या घरची शौर्यकथा बसत नाही, तो नियम त्या मराठी मुलानेच सांगावा, हे बरे दिसत नाही. म्हणून त्याला नीट उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझे पहिले उत्तर असे. कोशाचे पान हा सन्मानफलक नाही. आपल्या सभागृहात सोनेरी अक्षरांचा फलक आहे, तिथे नाव येणे हा मान आहे आणि न येणे ही खंत. कोशाचे पान एका प्रश्नाचे उत्तर देते: '२१ ही संख्या काय आहे?' त्या उत्तरात जे बसते ते थोर असते असे नाही. फाशाचे ठिपके आत आहेत, म्हणून ते सारागढीहून मोठे झाले का? पानावर असणे हा मान नसेल, तर पानावर नसणे हा अपमानही होत नाही.

दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. कल्पना करा, उद्या बाविसावे परमवीर चक्र जाहीर झाले. त्या दिवशी देशभर त्या जवानाचे नाव घेतले जाईल. आणि आमच्या संख्याकोशात काय करावे लागेल? एकवीसच्या पानावरून परमवीर चक्राची ओळ खोडावी लागेल. सन्मानाच्या दिवशीच ज्या वाक्यावर काट मारावी लागते, ते वाक्य चुकीच्या जागी लिहिलेले असते. २३ जानेवारी २०२३ ला अंदमान-निकोबारमधल्या २१ मोठ्या अनामिक बेटांना परमवीरांची नावे दिली गेली. तिथे प्रत्येक बेटाला एका माणसाचे नाव आहे. बाविसावे बेट जोडले तरी पहिल्या एकवीस नावांना धक्का लागत नाही. नावाने केलेली आठवण अशी टिकते, आकड्याने केलेली टिकत नाही.

तिसरे उत्तर आपल्या रोजच्या गिनतीतून सुचले. सकाळी फॉल-इनला आपण एक, दोन, तीन असे ओरडतो. त्याचा उपयोग एवढाच की कोणी कमी आहे का ते कळावे. कोण कमी आहे, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी नाव विचारावे लागते. वीस ओळींच्या पानात परमवीरांना एक ओळ मिळणार: 'परमवीर चक्राचे मानकरी २१.' त्या ओळीत राणे कुठे आहेत आणि पांडे कुठे? गिनती झाली, माणसे गेली. मला वाटते ही ओळ न लिहिण्यात त्यांचा जास्त आदर आहे.

आमचे सुभेदार साहेब मात्र याला तयार नाहीत. त्यांचे म्हणणे असे की कोश कितीही बिनचूक असो, तो उघडणारा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल. तो एकवीसचे पान उघडून फाशाचे ठिपके वाचून निघून गेला, तर त्याच्या हाती काय लागले? त्याच पानावर त्याला सारागढी भेटली असती तर कदाचित तो पुढे वाचत गेला असता. नियमासाठी ती संधी का घालवायची?

या वादातला हाच मुद्दा मला सर्वांत अवघड वाटला, कारण त्यात मुलांचे भले आहे. तरीही मी सहमत नाही. संपादकाने चांगल्या हेतूने नियम वाकवला की पुढचा संपादकही आपापल्या चांगल्या हेतूने तो वाकवणार. एकाला शौर्य महत्त्वाचे, दुसऱ्याला क्रिकेट, तिसऱ्याला स्वतःचे गाव. मग वाचणाऱ्याला कळणार नाही की पानावरची कोणती गोष्ट २१ विषयी आहे आणि कोणती फक्त संपादकाला आवडली म्हणून आहे. असे एकदा झाले की त्या पानावरच्या खऱ्या नवलाईवरही त्याचा विश्वास बसत नाही.

नवलाईचा भास किती सहज तयार होतो, याचे एक उदाहरण देतो. नाशिकजवळ देवळालीला, म्हणजे तोफखान्याच्या शाळेच्या गावात, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी ६१७४ या संख्येचा एक गुण शोधला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथेच थांबते. एका चिठ्ठीत लिहिले होते की सारागढीचे साल १८९७ घेतले तर तीनच पायऱ्यांत ६१७४ मिळते. मी करून पाहिले. ९८७१ वजा १७८९ बरोबर ८०८२. ८८२० वजा ०२८८ बरोबर ८५३२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. अगदी खरे! अंगावर काटा येईल असे. पण थांबा, कापरेकरांचा नियम जवळजवळ प्रत्येक चार अंकी संख्येला लागू आहे. कोणतेही साल घ्या, ते ६१७४ लाच पोचणार. म्हणजे ही ओळ ना सारागढीविषयी काही सांगते, ना १८९७ विषयी. ती खरी आहे आणि रिकामी आहे. अशा रिकाम्या खऱ्या गोष्टींनी कोश भरणे फार सोपे असते, म्हणून तर कसोटी लागते.

काहींना उलटी भीती वाटते. इतकी कडक कसोटी लावली तर पुढच्या कितीतरी संख्यांची पाने कोरी राहतील. राहू देत. डेव्हिड वेल्स या इंग्रज लेखकाने १९८६ मध्ये नवलाच्या संख्यांचा एक कोशच काढला. त्यात ३९ विषयी तो सांगतो की जिच्यात काही विशेष नाही अशी ही पहिली संख्या दिसते, आणि अर्थातच त्यामुळेच ती विशेष ठरते. पानावर तीनच ओळी असल्या तरी त्या तीन ओळी त्या संख्येच्या असाव्यात. पान भरायचे म्हणून जिन्याच्या पायऱ्या मोजू नयेत. सहावीच्या त्या कॅडेटला मी हे प्रेमाने सांगत आहे. त्याची मोजणी बरोबर होती.

पण मी हट्टी नाही. सुभेदार साहेबांच्या म्हणण्यात एक गोष्ट मला पटली आहे. लोकांना सारागढी हे नाव आठवत नसेल, पण 'ते एकवीस शीख' एवढे आठवत असते. असा वाचक २१ चे पान उघडून शोधू शकतो. कोशाचे काम उत्तर देण्याइतकेच वाट दाखवण्याचेही आहे. मोठ्या कोशांतही एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेले असते. म्हणून पानाच्या तळाशी, मजकुराखाली, एक ओळ असावी: 'पाहा: सारागढीची लढाई', आणि पुढे वाचनालयातल्या कपाटाचा क्रमांक. सारागढीची संख्या आता कधी बदलणार नाही, त्यामुळे ही ओळ कधी खोडावी लागणार नाही. परमवीर चक्राला मात्र अशी ओळ नको. ती यादी बंद झालेली नाही आणि ती बंद झाली असे भासवणारे काहीही आपण लिहू नये.

ज्यांना परमवीरांची एकवीस नावे लिहायचीच आहेत त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. मराठीत श्री. शा. हणमंते यांचा संख्या-संकेत कोश आहे. त्यात संख्येच्या क्रमाने समूह दिलेले असतात, आणि त्या-त्या समूहात कोण कोण येते त्यांची नावे असतात. तो कोश 'ही संख्या काय आहे?' असे विचारत नाही. 'हे इतके जण कोण कोण?' असे विचारतो. तो प्रश्नही चांगला आहे, पण तो वेगळा आहे. आपल्या शाळेनेही असा दुसरा कोश करावा, असे मी सुचवतो. त्यात परमवीरांना एक ओळ नको, एकवीस पाने द्यावीत. प्रत्येकाचे नाव, पलटण, ठिकाण, तारीख आणि काय केले ते. त्या कामाला मी पहिला उभा राहीन, आणि माझा पतियाळ्याचा मित्रही येतो म्हणाला आहे. सारागढीची एकवीस नावे लिहायची जबाबदारी त्याने आताच घेतली आहे.

संपादक मंडळात आम्ही अजून दोन विरुद्ध दोन आहोत. सर म्हणतात की मत फुटले तर वाचकांचे ऐकावे, म्हणून हा लेख. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी ते पुढच्या अंकात, याच पानावर किंवा आपल्या भाषेच्या पानावर, जरूर लिहावे. चिठ्ठी टाकणाऱ्यांना मात्र एक विनंती. चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहा: या गोष्टीतली संख्या एकाने वाढवली तर काय बिघडेल? उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर ती चिठ्ठी पेटीत टाकू नका, स्वतःच्या वहीत जपून ठेवा. बावीसच्या पानासाठी पेटी सोमवारपासून उघडी आहे.

कॅडेट, इयत्ता दहावी
(गणित मंडळ, संख्याकोश संपादन)